धूर दिसला की गाडी जुंप

विस्तव पेटवायचा पगार मिळतो, हे आमच्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही. "चूल तर म्या बी रोज पेटवते, मला कोन देतंय पगार?" असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची. तिचं खरं होतं. पण मी आयुष्यभर तेवढंच काम केलं. आधी चार वर्षं हिमालयात रस्ता बांधणाऱ्या तुकडीत, मग बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावावर आणि नंतर निवृत्त होईपर्यंत आपल्या जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात, बॉयलरवर फायरमन म्हणून. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं, "काका, कामातल्या गमतीजमती लिहा." गमती आहेत, त्या आधी लिहितो. पुढचं ज्याला वाचवेल त्यानं वाचावं.

हिमालयात आमच्या तुकडीत आपल्या भागातली आठ-दहा पोरं होती. पहिल्याच आठवड्यात आमची फजिती झाली. तीन दिवस पाऊस, त्यात बर्फाचा चिखल, आणि तंबूसमोर आमची शेकोटी काही पेटेना. आपल्याकडं लाकूड म्हणजे जमिनीवर पडलेलं लाकूड. पडलं की वाळलं, वाळलं की पेटलं. आम्ही त्याच हिशेबानं जंगलात पडलेली मोठमोठी ओंडकी ओढून आणली आणि वर बाटलीभर रॉकेल ओतलं. रॉकेल भडकलं, जळून गेलं, ओंडकी जशीच्या तशी. पुन्हा बाटली ओतली. तिसऱ्या बाटलीला आमचा मेट, म्हणजे टोळीचा म्होरक्या, बचनसिंग आला. तो तिथलाच पहाडी माणूस. त्यानं बाटली काढून घेतली आणि पोट धरून हसला. उस्मानाबादची पोरं पावसात पडलेलं लाकूड पेटवतात, ही गोष्ट त्यानं पुढं चार वर्षं सगळ्या छावण्यांना सांगितली.

त्यानं मला चीडच्या झाडाखाली नेलं. चीड म्हणजे राग नव्हे, ते सरळसोट उंच जाणारं, सुयांसारख्या पानांचं झाड. या झाडाच्या खालच्या अंगाच्या बारक्या फांद्या सावलीत राहून मरतात, पण गळून पडत नाहीत. झाड जिवंत, फांदी मेलेली. बचनसिंगचा नियम एवढाच होता: लाकूड मेलेलं घे, पण जिवंत झाडावरचं घे. जमिनीवरचं लाकूड ओल पितं, झाडावरचं वाऱ्यावर वाळत राहतं. शिवाय फांदी मरायला लागली की झाड तिच्या बुडाशी राळ ओततं. आपण जखमेवर हळद दाबतो तसं ते आपली जखम बुजवतं. त्यामुळं करंगळीएवढी ती काटकी बुडाशी लालसर, जड आणि चिकट होते. नखानं खरवडली तर टर्पेंटाइनसारखा वास येतो. काटकी कट्कन मोडली पाहिजे. वाकली तर टाकून द्यायची.

मग चाकूनं तिचे पातळ काप काढायचे, पण तोडायचे नाहीत. काप काटकीलाच वळून राहिले की तिचं फूल होतं. अशी चार-पाच फुलं आतून वारा जाईल अशी उभी करायची आणि खालून काडी लावायची. वरनं लावणारा माणूस बचनसिंगच्या लेखी माणूस नव्हता. राळ तडतडते, काळा धूर निघतो, आणि मग भर पावसात ती ज्योत विझवू म्हटलं तरी विझत नाही. फक्त तो काळा धूर जाईपर्यंत वर डाळ ठेवायची नाही, नाहीतर डाळीला औषधाचा वास लागतो. एकदा परंड्याकडचा आमचा एक सोबती ओढ्यात पडला. बाहेर काढला तेव्हा त्याचे दात वाजायचे थांबले होते, आणि ते वाजायचे थांबणं वाईट असतं. मी पाऊस चालू असताना, टोपीच्या आडोशाला, दुसऱ्या काडीत विस्तव केला. तो माणूस पुढं नातवंडं बघून गेला. माझ्या हातून घडलेलं एवढं एक चांगलं काम मला खात्रीनं सांगता येतं.

गावाकडं आलो आणि दुष्काळ पडला. पाझर तलावाच्या कामावर चार-पाचशे माणसं माती वाहत होती. मुकादमाला कळलं की हा हिमालयात चुली पेटवायचा. त्यानं मला सुकडी, म्हणजे कामावरच्या माणसांना वाटायचं खाणं, शिजवायच्या चुलाणावर नेमलं. मला वाटलं, इथंही तोच नियम चालवू. जिवंत बाभळीवरच्या मेलेल्या, डिंक साचलेल्या काटक्या काढून आणल्या, फुलं केली, उभी केली, खालून काडी लावली. डिंक फसफसला, करपला, आणि विस्तव गप्प झाला. भोवती बायका पाट्या टाकून उभ्या. त्यातली एक म्हातारी म्हणाली, "आरं लेकरा, डिंक लाडवात घालत्यात, चुलीत न्हाय!"

राळ पाण्यात विरघळत नाही आणि जळते. डिंक पाण्यात विरघळतो आणि जळत नाही. एवढं शास्त्र मला त्या म्हातारीनं शिकवलं. पुढं मी गुमान तुराट्या आणि गोवऱ्या वापरल्या. पण लाडवाचं नाव निघाल्यावर त्या बायका हसल्या आणि हसता हसता गप्प झाल्या, ते मला अजून दिसतं. त्या वर्षी विस्तवाची टंचाई कधीच नव्हती. रान इतकं वाळलेलं होतं की काडी दाखवायचा अवकाश. पण पातेल्यात टाकायला कधी दोन-दोन दिवस काही यायचं नाही. तरी मी सकाळी चुलाण पेटवून ठेवायचो, कारण धूर दिसला की माणसं कामाला हात लावायची. धूर दाखवून माणसं राबवता येतात, हे मी तिथंच बघितलं होतं. ते पुढं माझ्याच हातून व्हायचं होतं, हे तेव्हा माहीत नव्हतं.

कारखाना उभा राहिला तेव्हा मला भरती करून घेतलं ते याच कसबावर. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. साखर कारखान्याचा हंगाम दोन समारंभांनी सुरू होतो. दसऱ्याच्या सुमाराला बॉयलरचं अग्निप्रदीपन, म्हणजे भट्टीत पहिला विस्तव. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओढून नेणाऱ्या साखळीवर, उसाची पहिली मोळी टाकतात आणि गाळप सुरू होतं. मधले दिवस भट्टी मंद जळत ठेवायची. पावसाळाभर बंद राहून तिच्या विटा ओल धरतात. एकदम आच दिली तर तडकतात. म्हणजे विस्तव पेटला म्हणून कारखाना चालू झाला असं नव्हे. हे आम्हा आतल्यांना ठाऊक. बाहेरच्या लोकांना एकच ठाऊक: चिमणीतून धूर निघाला.

अग्निप्रदीपनाला एखादं संचालक जोडपं पूजेला बसतं, आणि यजमान पेटता पलिता भट्टीत टाकतात. तो विस्तव पहिल्या झटक्यात धरला पाहिजे. विझला तर अपशकुन. एका वर्षी विझला, त्याच हंगामात गव्हाणीची साखळी तुटली, आणि सगळं खापर आधीच्या फायरमनवर फुटलं. त्याच्या जागी मी आलो. आमच्या घरानं छप्पन सालानंतर दीक्षा घेतलेली. शकुन-अपशकुन मी मानत नाही. पण साहेब लोकांचा शकुन सांभाळायचा पगार मला होता, आणि तो मी इमानदारीनं सांभाळला.

आता इथं चीड कुठून आणायचं? ते मला भंगाराच्या ढिगात सापडलं. मशिनरीचे सुटे भाग लाकडी खोक्यांत यायचे, आणि पुष्कळ खोकी चीडच्या फळ्यांची असायची. फळीत जी काळपट लाल गाठ दिसते ना, ती म्हणजे त्या झाडाच्या बारक्या फांदीचं बूड. सगळी राळ तिथंच. मी फळ्यांतल्या तेवढ्या गाठी करवतीनं काढून घ्यायचो आणि वर्षभर पत्र्याच्या डब्यात साठवायचो. स्टोअरकीपरला वाटायचं, मी करणी-बिरणी करतो. "खोकं न्या की सगळं, नुसत्या गाठी कशाला उपटता?" म्हणायचा, आणि जरा लांबूनच बोलायचा.

गाठींच्या ढलप्या काढून मी आदल्या दिवशी भट्टीत रचून ठेवायचो. वरनं पाहणाऱ्याला नुसती लाकडं दिसायची. पलिता पडला की धडाडून विस्तव धरायचा, टाळ्या पडायच्या, पेढे वाटले जायचे. एका इंजिनिअरसाहेबांना माझा हा खटाटोप म्हणजे गावठीपणा वाटला. त्यांनी एका वर्षी डिझेलनं भट्टी पेटवून दाखवली आणि पुढचा महिनाभर भुवयांशिवाय हिंडले. कुणीतरी म्हणालं, तेरखेड्याहून फटाक्याची दारूच आणा की. त्यानंतर माझ्या डब्याला कुणी हसलं नाही.

इथवर गमती झाल्या.

माझा मेहुणा भागवत, म्हणजे आमच्या मंडळींचा, इंदूचा, धाकटा भाऊ. भूमच्या पलीकडं, डोंगरात त्याचं गाव. जमीन एक एकर माळाची. तिच्यावर काही पिकायचं नाही. त्याचं सगळं घर उभं होतं ते एका बैलजोडीवर, हौशा आणि मोरा. दर हंगामाला तो बायको शांताला घेऊन गाडीसकट कारखान्यावर यायचा, ऊस वाहायचा आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत जायचा. मजुरी तर असायचीच, पण दुष्काळी वर्षात खरा आधार असायचा वाढ्यांचा. वाढं म्हणजे उसाचा वरचा हिरवा शेंडा. गावात काडी उरलेली नसली तरी ऊसतोडीवर आलेला बैल वाढं खाऊन हंगाम काढतो. म्हणून आमच्याकडं माणसं कामासाठी येतात म्हणावं तर बैल जगवायलाही येतात.

ऐंशीच्या दशकात ओळीनं दोन-तीन पावसाळे कोरडे गेले. त्यातल्या शेवटच्या वर्षी गणपतीच्या सुमाराला भागवत घरी आला. कडबा संपला होता. गावातल्या लोकांनी जनावरं बाजारात नेली होती, ती मिळेल त्या भावाला कसायाकडं गेली. इंदूनं त्याच्यापुढं भाकरी ठेवली, पण तो ती मोडेना.

"दाजी, तोडीच्या मुकादमाचा यंदा निरोपच न्हाय. कारखाना चालू व्हतोय का न्हाय?"

"होईल की. उशिरा होईल, पण होईल."

"म्या कदी निगू? आधी आलो तर हितं बी चारा न्हाय, आन् लई थांबलो तर बैल चालायचे न्हाईत."

मी म्हणालो, "मुकादमाची वाट बघू नको. धूर दिसला की गाडी जुंप."

हे मी खरेपणानं बोललो होतो. त्या दिवशी मला तसंच वाटत होतं. त्याच्या गावातून आमची चिमणी दिसत नाही, पण एस.टी.चे कंडक्टर, बाजारकरू, तुळजापूरहून परतणारी माणसं बातमी पोचवायची. धूर निघाला की दोन दिवसांत तिकडं कळायचं.

अग्निप्रदीपनाच्या तीन दिवस आधी मी भट्टीत खालची मोठी लाकडं रचत होतो. तेव्हा शेतकी खात्याचे एक साहेब आत आले. माझ्याशी बरे होते. इकडंतिकडं बघून म्हणाले, "मामा, फार जीव लावून रचू नका. यंदा मोळी पडत नाही."

"म्हणजे?"

"ऊस आहे कुठं? निम्मा उभा वाळला, निम्मा जनावरांच्या छावण्यांना चाऱ्याला गेला. गाळप नाही."

"मग अग्निप्रदीपन कशाला?"

"वरचं म्हणणं आहे, धूर दिसू द्या. धूर दिसला की लोकांचा जीव थाऱ्यावर राहतो. पण हे तुमच्यामाझ्यात. बाहेर गेलं तर दोघांचीही नोकरी जाईल."

मी रचलेली लाकडं तशीच ठेवून बाहेर आलो. माझ्या डोळ्यांपुढं दुसरं काही नव्हतं, फक्त भागवतची गाडी. संध्याकाळी पाच वाजता भूमकडं जाणारी एस.टी. आमच्या गेटवर थांबायची. कंडक्टर ओळखीचा होता. भागवतच्या गावात त्याचा मुक्कामच असायचा. 'येऊ नको', एवढे दोन शब्द त्याच्याजवळ सांगायचे होते. मी गेटवर गेलो. गाडी आली. कंडक्टर दारात उभा राहून म्हणाला, "काय मामा, काय निरोप?"

मी म्हणालो, "काही नाही. सहज आलो होतो."

का म्हणालो तसं? नोकरीची भीती होती, हे खरं. निरोप चार माणसांना कळला असता आणि कुणाकडून आला हेही कळलं असतं. पण तेवढंच नव्हतं. वाटलं, अजून तीन दिवस आहेत, काही बदलेल. वाटलं, भागवतला मुकादमाचा निरोप नाही, तो निघणारच नाही. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याला कारणं कमी पडत नाहीत. दुसऱ्या दिवशीही गाडी आली. मी गेटकडं गेलोच नाही.

आणि मी भट्टी रचली, नेहमीपेक्षा चांगली रचली. डब्यातल्या सगळ्या गाठी काढल्या. हे मी कुणाला आजवर सांगितलेलं नाही. हात थांबले नाहीत. मोळी पडणार नव्हती, तरी माझ्या हातून विस्तव विझायला नको होता, एवढा मी माझ्या कसबाचा गुलाम झालो होतो. यजमानांनी पलिता टाकला, राळ धडाडली, वर मागच्या वर्षीचा ओलसर बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, ढकलला. चिमणीतून असा काळाभोर धूर निघाला की आवारातल्या माणसांनी टोप्या काढून वर बघितलं. एक म्हातारे सभासद माझा हात धरून रडले. म्हणाले, "जगलो बाबा."

चौथ्या दिवशी भट्टी थंड केली. त्याच दिवसापासून गाड्या यायला लागल्या.

भागवत पाचव्या दिवशी दुपारी पोचला. गाडीत शांता, एक पेटी, पाण्याचा हंडा, कोप, म्हणजे राहायची झोपडी, करायला पाचट. बैलांच्या बरगड्या मोजता येत होत्या. मोराच्या तोंडाला फेस होता. आवारात चाळीसएक गाड्या सुटल्या होत्या आणि प्रत्येक जण एकच विचारत होता, मोळी कधी पडणार. ऑफिसचं दार बंद होतं.

मी भागवतला घेऊन जवळच्या छावणीवर गेलो. तिथल्या माणसानं रजिस्टर काढलं आणि विचारलं, "गाव कुठलं?" भागवतनं सांगितलं. "या छावणीत याच गावांची जनावरं. बाहेरची नाहीत." मी हात जोडले. तो म्हणाला, "मामा, काल शंभर जण आले होते. कुणाकुणाला घेऊ?" त्याचंही चुकत नव्हतं.

मग मी आयुष्यातली दुसरी चूक केली. भट्टीजवळ बगॅसचा ढीग होता. लोक दुष्काळात बगॅसला मळी, म्हणजे साखर काढून उरलेला काळा पाक, लावून जनावरांना घालतात, हे मी ऐकून होतो. दोन पोती भरली, मळीचा डबा मागून आणला, कालवून बैलांपुढं ठेवलं. मला विस्तवातलं कळत होतं, बैलातलं कळत नव्हतं. बगॅस वर्षाचा शिळा, ओल धरलेला, आतून बुरसलेला. जळायला चालतो म्हणून खायला चालतो असं नाही. उपाशी बैलांनी ते अधाशासारखं खाल्लं. भागवत बघत उभा होता आणि कितीतरी दिवसांनी हसत होता. "खा, खा मर्दा," म्हणत होता.

सकाळी मोराचं पोट फुगलं होतं. शांतानं तेल पाजलं, भागवत त्याचं पोट चोळत राहिला. दहाच्या सुमाराला मोरानं मान टाकली. हौशा त्याला हुंगत उभा राहिला. शांता रडली, पण भागवत रडला नाही. त्यानं मोराच्या गळ्यातली घंटा सोडली, घोंगडीत बांधली आणि कितीतरी वेळ गाडीच्या जुवाकडं बघत बसला. एका बैलाची गाडी होत नाही. एका बैलाचं घरही होत नाही.

इंदू भाकरी घेऊन आली होती. तिनं ती शांतापुढं ठेवली. तिनं फक्त एकदा माझ्याकडं बघितलं. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, पण अग्निप्रदीपनाच्या आधीचे तीन दिवस मी जेवत नव्हतो हे तिनं बघितलं होतं.

संध्याकाळी भागवत माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "दाजी, एक इचारू? तुमाला ठावं हुतं का, मोळी पडनार न्हाई म्हनून?"

मी म्हणालो, "नाही."

"तेच म्हनलं," तो म्हणाला. "ठावं असतं तर तुमी निरोप धाडला असता. तुमाला बी फसवलं भडव्यांनी."

हौशा त्यानं तिथंच जनावरांच्या दलालाला दिला. गाडी तिथंच सोडली आणि दोघं नवराबायको एस.टी.नं गावी गेली. भागवतनं पुन्हा बैल घेतले नाहीत. तो पुढं दुसऱ्याच्या विहिरी खणत राहिला, आणि त्यातच त्याचा एक पाय गेला. आजही तो चारचौघांत सांगतो की आमच्या दाजीसारखा सरळ माणूस न्हाय. लग्नकार्यात मला मानानं शेजारी बसवतो. मी बसतो. त्यानं ताटात वाढलेलं खातो.

कारखाना पुढं चालला, मी आणखी किती तरी भट्ट्या पेटवल्या, नारळ-शाली घेतल्या. त्या धुरात काय होतं ते मला कळत होतं. कुणी नोकरीची फुशारकी मारायला सांगितलं तर माझ्याजवळ फुशारकी आहे: माझा विस्तव एकदाही विझला नाही. एकदा विझला असता तर बरं झालं असतं.

इंदू मागच्या वर्षी गेली. तिनं शेवटपर्यंत मला काही विचारलं नाही. ती असेपर्यंत हे लिहायची माझी छाती झाली नाही.

भागवतला वाचता येत नाही. पण त्याच्या सुनेला येतं, आणि दिवाळीत ती त्याला हा अंक वाचून दाखवते, माझं नाव दिसलं तर हमखास. म्हणून हा मजकूर मी संपादकांना दिला. समोर बसून सांगायला गेलो असतो तर पुन्हा 'काही नाही, सहज आलो होतो' म्हणून उठलो असतो.

सूनबाई, एवढी ओळ जरा सावकाश वाच. भागवत, मला ठाऊक होतं.